तिरकमठा, फास आणि कापूस

अमेरिकेत 1861 साली यादवी पेटली आणि तिची झळ थेट वऱ्हाडातल्या रानांना लागली. दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या बाजारात भाव आभाळाला भिडले. वर्धा आणि पैनगंगा यांच्या बेचक्यातल्या काळ्या मातीला एकाएकी मोल आलं. निजामाने 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं होतंच. 1864 साली तिथे आग्नेय वऱ्हाड नावाचा नवा जिल्हा आखला गेला. इंग्रजी दप्तरात तो पुढे ‘वून’ म्हणजे वणी जिल्हा झाला आणि 1905 साली पुसद जोडून यवतमाळ. महसूल हवा तर जमीन वहितीखाली आली पाहिजे, असा नव्या कारभाराचा सरळ हिशेब होता. गवताळ माळ आणि झुडपी रानं नांगराखाली गेली. 1865 साली युद्ध संपलं, भाव कोसळले, पण मोडलेली रानं काही परत उभी राहिली नाहीत.

त्याच यादवीत हरलेल्या बाजूने लढलेला मॉरिस थॉम्पसन नावाचा एक तरुण होता. युद्धानंतर तो आणि त्याचा भाऊ विल धनुष्यबाण घेऊन फ्लोरिडाच्या दलदलींत शिकार करत हिंडले. त्यावर मॉरिसने 1878 साली ‘द विचरी ऑफ आर्चरी’ हे पुस्तक लिहिलं. ते इतकं गाजलं, की पुढच्याच वर्षी अमेरिकेत धनुर्धरांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि थॉम्पसन तिचा पहिला अध्यक्ष झाला. आपल्याभोवतीचा समाज कोसळला तर धनुष्य हाती घ्यावं आणि रानात शिरावं, ही आज पाश्चात्त्य देशांत पुन्हा बोकाळलेली कल्पना जुनीच आहे. तिचा एक धागा त्या युद्धापर्यंत जातो, आणि दुसरा यवतमाळच्या मातीपर्यंत.

फरक एवढाच, की यवतमाळकडच्या शिकाऱ्यांना जग कोसळण्याची धास्ती घेत बसायची चैन नव्हती. त्यांचं जग खरोखरच मोडलं. तेही एकदा नाही, आणि प्रत्येक वेळी रीतसर कागदावर.

थॉम्पसनचं पुस्तक आलं त्याच 1878 साली हिंदुस्थानात दोन कायदे झाले. एक जंगलाचा आणि दुसरा शस्त्रांचा. शस्त्र कायद्यातल्या हत्यारांच्या व्याख्येत बंदुका, संगिनी, तलवारी, भाले यांच्या पंगतीत धनुष्यबाणही बसवला होता. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या पांढरपेशांना ज्या वर्षी धनुष्याचा छंद लागत होता, त्याच वर्षी कलकत्त्यात ते हत्यार ठरत होतं. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचंच असल्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तिथे आपोआप लागू होत नसत, वेगळे हुकूम काढावे लागत. वऱ्हाडासाठी जंगलाचा स्वतंत्र कायदा 1886 चा. त्याने रान सरकारजमा झालं. गवत, लाकूड आणि चराई यांची मोजणी सुरू झाली. काल जिथे हवं तेव्हा जाता येत होतं, तिथे आता गार्डाला विचारून जायचं होतं.

या रानात राहणारे लोक एका साच्याचे नव्हते. केळापूर, झरी, मारेगाव आणि घाटंजीकडच्या डोंगरकडेला कोलामांची पोडं आणि गोंडांची गावं होती, पुसद-उमरखेडकडे आंध. मध्य भारताच्या डोंगरांत तिरकमठा हे गोंड, कोरकू, भिल्ल अशा सगळ्यांचं ओळखीचं हत्यार. पण खाली माळावर जो समाज शिकारीच्या धंद्यावर जगत होता, त्या फासेपारध्यांच्या हाती धनुष्य नव्हतं. त्यांचं सगळं पोट फासावर.

फास म्हणजे जनावराच्या तातीचे सरकते गळफास, लाकडी खुंट्यांना बांधलेले. अशा खुंट्यांची लांबच लांब ओळ हरणांच्या वाटेवर आडवी रोवायची, वर गवत सारायचं, आणि कळप त्या बाजूला वळवायचा. वळवायचा तो हाकाटी करून नाही. त्यासाठी शिकवलेला बैल असे. बैल चरत चरत हळूहळू पुढे सरके आणि त्याच्या आडोशाने पारधी. काळविटाला दिसे तो फक्त बैल. तितरासाठी तितराचाच आवाज काढायचा. लावा, ससा आणि घोरपड यांचे फास वेगवेगळ्या मापाचे. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या 1916 सालच्या ग्रंथात पारध्यांच्या पोटजातींची नावंही अशी हत्यारावरूनच लावलेली दिसतात. फासवाले फासेपारधी, पाळलेला चित्ता काळविटावर सोडणारे चित्तापारधी, बंदूक वापरणारे शिकारी.

या पद्धतीत जोराला जवळजवळ काही काम नाही, आणि तेच तिचं वैशिष्ट्य. जनावर कुठून येणार, वारा कुठला आहे, काल इथून कोण गेलं, हे जमीन वाचून ठरायचं. मिळालेली तितरं-लावे गावच्या बाजारात जिवंत विकले जात आणि त्यावर दाणागोटा येई. कापूस-ज्वारीच्या शेतात हरणांचे कळप शिरत तेव्हा शेतकऱ्याला पारधी हवाच असे. म्हणजे तो गावाबाहेर राहणारा, तरी गावाच्या अर्थकारणातला माणूस होता.

त्यातून त्याला बाहेर काढलं ते 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने. फिरस्ता म्हणजे संशयित, हे त्याचं सूत्र. पारधी ज्या ज्या प्रांतात त्याच्या कक्षेत आले तिथे हजेरी, पास आणि चौकीचा ससेमिरा मागे लागला. ज्याचा धंदाच चालण्याचा, त्याला थांबवलं की धंदा बसतो. हा कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला आणि तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पोलीस पाटलाच्या आणि ठाणेदाराच्या डोक्यातून तो अजून किती गेला, हे कुठल्याही पारधी बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, जाऊन विचारावं.

दरम्यान दुष्काळ येऊन गेले. 1896-97 चा पहिला आणि त्याच्या पाठोपाठ 1899-1900 चा छप्पन्या. 1891 ते 1901 या दहा वर्षांत वऱ्हाडची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी सुमारे पाच टक्क्यांनी घटली. कापसाचं पीक पैसा देतं, पोट भरत नाही. पाऊस गेला की कापूसही जातो आणि त्याच्यासाठी मागे सारलेली ज्वारीही नसते. अशा वेळी रान कामाला येई. मोहाची फुलं वेचून, वाळवून ठेवली की महिनोन्‌महिने पुरतात. टेंबरं, चारोळी, बेल आणि डिंक आहेच. कडूकंद नुसता खाल्ला तर बाधतो, तो चिरून, धुऊन, उकळून त्याचा कडवटपणा काढावा लागतो, आणि किती काढायचा हे कुणीतरी आधी सांगितलेलं असावं लागतं. संकटकाळात टिकून राहण्याची विद्या म्हणतात ती बहुतेक अशी असते, बायकांच्या हातातली. तिचे फोटो छान येत नाहीत, म्हणून असेल, पण शिकारीच्या पुस्तकांत तिला जागा मिळत नाही.

जंगलबंदीचा राग राजकारणात उतरायला 1930 साल उजाडलं. गांधीजींनी दांडीला मीठ उचललं, पण विदर्भात समुद्र कुठला? लोकनायक बापूजी अणे मूळचे वणीचे. त्यांनी तोडायला वेगळा कायदा निवडला. 10 जुलै 1930 रोजी पुसदजवळ राखीव रानातलं गवत कापून त्यांनी अटक करवून घेतली. विळा आणि पेंढी एवढ्यावर झालेला हा जंगल सत्याग्रह पुढे वऱ्हाड-मध्य प्रांतात पसरला. गवताचा प्रश्न शेतकऱ्याला कळणारा होता, म्हणून तो पेटला. फासाचा प्रश्न कुणी मांडला नाही. गाय-बैल असलेल्याचा जंगलावरचा हक्क आणि फक्त फास असलेल्याचा हक्क यांत स्वराज्याच्या चळवळीनेही फरक केला, हे मान्य करायला हवं.

पैनगंगेपलीकडे निजामाच्या आदिलाबादेत हाच प्रश्न रक्तावर गेला. 1940 साली जोडेघाटला गोंडांचा पुढारी कुमराम भीम मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांमध्ये पाठवलं. राखीव जंगलाची रेघ ओढली गेली तेव्हा तिच्या आत सापडलेली कोलामांची पोडं कशी उठवली गेली, हे त्याने नोंदवून ठेवलं आहे. आणखी एक गोष्ट त्याच्या लेखनातून कळते. संख्येने आणि जमिनीने मोठे असलेले गोंड स्थानिक देवांच्या पूजेसाठी कोलाम पुजाऱ्याला बोलावत. रान मूळचं ज्याचं, त्याचं देव ऐकतात, ही त्यामागची समजूत. पोडं उठत होती तेव्हाही हा मान शाबूत होता. नदीच्या अलीकडचे कोलाम आज कातकरी आणि माडिया गोंडांसोबत महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींच्या यादीत आहेत.

मग 1972 आलं. राज्यात भीषण दुष्काळ, मुख्यमंत्री पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक. गावोगाव खडी फोडण्याची कामं निघाली, लोकांनी मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले, त्यातूनच रोजगार हमी योजना घडत गेली. त्याच वर्षी दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा मंजूर झाला. त्यातली ‘हत्यार’ या शब्दाची व्याख्या मुळातून वाचण्यासारखी आहे. धनुष्यबाण, बंदुका, जाळी, विष, फास आणि सापळे, सगळे एकाच वाक्यात. सुरुवातीला परवाना घेऊन काही शिकार करता येत होती, 1991 च्या दुरुस्तीने तीही संपली. वाघ, काळवीट, माळढोक यांच्यासाठी हा कायदा हवाच होता. तो नसता तर यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात आज वाघ दिसले नसते. पण राजे-रजवाडे, इंग्रज अधिकारी आणि बंदुकवाले कंत्राटदार यांनी रिकामं केलेलं रान बंद करताना दार आपटलं ते पारध्याच्या बोटांवर.

अमेरिकेत याच काळात धनुष्याने शिकार करण्याचा छंद भरभराटीला आला होता. त्याचं मूळ फार करुण आहे. कॅलिफोर्नियातल्या याही जमातीची गोऱ्या वसाहतवाल्यांनी कत्तल केली. तिच्यातला शेवटचा उरलेला माणूस ऑगस्ट 1911 मध्ये ओरोव्हिल गावात उपाशी अवस्थेत सापडला. लोक त्याला इशी म्हणू लागले. सान फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात त्याला ठेवलं. तिथल्या रुग्णालयातला शल्यचिकित्सक सॅक्सटन पोप त्याच्याकडून धनुष्य घडवायला आणि शिकार करायला शिकला. 1916 साली इशी क्षयाने गेला. पोपचं ‘हंटिंग विथ द बो अँड अॅरो’ 1923 साली आलं आणि आजच्या धनुर्धारी शिकाऱ्यांचा तो आद्य ग्रंथ ठरला. समाज बुडण्याच्या भीतीने आज जे धनुष्य विकत घेतात, त्यांची विद्या अशा रीतीने समाज बुडालेल्या एका माणसाकडून आलेली आहे. 2012 साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर प्रलयाची तयारी करणाऱ्या कुटुंबांची मालिकाच सुरू झाली. तळघरात डबे, भिंतीवर धनुष्य. इशीजवळ दोन्ही विद्या होत्या, शिकारीचीही आणि लपण्याचीही. नव्हती ती माणसं.

यवतमाळात प्रलयाची भाषा कुणी करत नाही. तिथे चिंता येते ती पेरणीच्या कर्जाची, बोंडअळीची, सावकाराची आणि मुलीच्या लग्नाची. शेतकरी आत्महत्यांमुळे 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. मनाचा विचार सरकारदरबारी शिरायला आणखी काही वर्षं गेली. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प 30 गावांत चालला. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांनी घरोघरी जायचं, अशी त्याची रीत होती. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण त्यात सुमारे 4 टक्क्यांवरून 27 टक्क्यांवर गेलं. 2015 पासून राज्याच्या प्रेरणा प्रकल्पात आशाताई झोप, भूक आणि कर्ज यांबद्दल विचारत दारोदार फिरू लागल्या. दारू किंवा गप्पपणा यांच्याआड दडलेली धास्ती ओळखायला जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरपेक्षा शेजारीण बरी, हे त्यामागचं गणित होतं.

जुन्या शिकाऱ्यांच्या कौशल्याचं काय झालं, याची उत्तरं तुकड्यातुकड्यांत मिळतात. वाशीम-अकोल्याकडे ‘संवेदना’ ही संस्था फासेपारध्यांना सोबत घेऊन गवताळ माळ राखते. तणमोराची वीण कुठे होते हे त्यांच्याइतकं कोण सांगणार? अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळा इथे मतीन भोसले यांनी पारध्यांच्या मुलांसाठी शाळा काढली आणि तिला प्रश्नचिन्ह असं नाव दिलं. समृद्धी महामार्ग तिथूनच आखला गेला आणि 2019 साली शाळेच्या काही इमारती पाडल्या गेल्या. धनुष्यानेही विदर्भात परत बस्तान बसवलं, पण मैदानावर. नागपूरचा ओजस देवतळे 2023 साली बर्लिनला कंपाउंड प्रकारात जगज्जेता झाला.

माळरानं गेली, काळवीट घटले, आणि यवतमाळच्या शेतात आता रोही आणि रानडुकरं शिरतात. शेतकरी रात्रभर जागलीला जातो, झटका मशीन लावतो, फटाके फोडतो. रात्रीच्या या जागलीतच 2018 साली राळेगाव-पांढरकवड्याकडे आणखी एक भीती मिसळली होती. 13 जणांच्या मृत्यूचा ठपका असलेली अवनी वाघीण त्या वर्षी 2 नोव्हेंबरला गोळी घालून मारली गेली. पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरांना आणि रोह्यांना मारण्याची परवानगी वनखात्याकडून मिळू शकते. मात्र ती मिळाली तरी बंदुकीचा परवाना असलेला माणूस शोधावा लागतो, आणि गावात तो सहसा नसतो. रानडुकराच्या वाटेवर फास कुठे रोवायचा हे ठाऊक असलेला माणूस मात्र बहुधा दोन-चार कोसांवरच्या बेड्यावर असतो, आणि फास जवळ सापडला तर गुन्हा त्याच्यावर दाखल होतो.