रॉल्स्टन, विल्यम चॅपमन
(१२ जानेवारी १८२६ – २७ ऑगस्ट १८७५). सॅन फ्रान्सिस्कोतील बँकर आणि नेव्हाडातील चांदीच्या खाणींचा मोठा भांडवलदार. जन्म ओहायो राज्यात. तरुणपणी मिसिसिपी नदीवरील आगबोटींवर नोकरी केली. सोन्याच्या ओढीने कॅलिफोर्नियाकडे निघाला, पण वाटेत पनामातच जहाज कंपनीच्या कामात रमला आणि सॅन फ्रान्सिस्कोत १८५४ मध्ये पोचला.

१८६४ मध्ये बँक ऑफ कॅलिफोर्निया स्थापन झाली. अध्यक्षपदी डेरियस ओग्डेन मिल्स हे सावध गृहस्थ होते. रॉल्स्टन नावाला कॅशिअर, प्रत्यक्षात सर्वेसर्वा. नेव्हाडातील व्हर्जिनिया सिटी येथील शाखा त्याने विल्यम शॅरन याच्याकडे सोपवली. तेथील कॉमस्टॉकच्या चांदीच्या खाणी तेव्हा मंदीत होत्या. इतर सावकारांपेक्षा कमी, तरी दरमहा २ टक्के व्याजाने शॅरनने खाणींना आणि खनिज दळणाऱ्या गिरण्यांना कर्जे दिली. हप्ते थकताच गिरण्या ताब्यात घेतल्या. पुढे गिरण्यांची कंपनी आणि व्हर्जिनिया अँड ट्रकी रेल्वे उभारून खनिज, दळण आणि वाहतूक या तिन्हींवर बँकेच्या मंडळींनी पकड बसवली. १८७३ मध्ये मात्र कॉमस्टॉकमधील सर्वांत संपन्न साठा मॅके, फेअर, फ्लड आणि ओब्रायन या प्रतिस्पर्ध्यांच्या हाती लागला.

खाणीतला पैसा रॉल्स्टनने शहरात ओतला : लोकरीची गिरणी, घड्याळांचा कारखाना, कॅलिफोर्निया थिएटर, बेलमाँटचा प्रचंड वाडा आणि सुमारे ५० लाख डॉलर खर्चाचे पॅलेस हॉटेल. हौस दांडगी, पारख बेताची. १८७२ मध्ये दोन भामट्यांनी माळरानावर हिरे पेरून त्यालाही गंडवले; भूवैज्ञानिक क्लॅरेन्स किंग यांनी ती लबाडी उघडी पाडली, तेव्हा रॉल्स्टनने गुंतवणूकदारांचे पैसे भरून दिले. इतका उदार माणूस बँकेच्या तिजोरीबाबत मात्र बेफिकीर होता. ठेवीदार केव्हाही परत मागतील असा पैसा त्याने वर्षानुवर्षे अडकून पडणाऱ्या उद्योगांत घातला होता.

२६ ऑगस्ट १८७५ रोजी ठेवीदारांची झुंबड उडाली आणि बँकेची दारे बंद झाली. दुसऱ्या दिवशी संचालकांनी त्याचा राजीनामा घेतला. सारी मालमत्ता शॅरनच्या नावे करून तो नेहमीप्रमाणे खाडीत पोहायला गेला आणि तिथेच मरण पावला. ती आत्महत्या होती की झटका, यावर वाद आहे. बँक ऑक्टोबरमध्ये पुन्हा उघडली. त्याच महिन्यात पॅलेस हॉटेलही सुरू झाले आणि त्याची मालकी शॅरनकडे गेली.