बारशाआधीच हाक: अर्धवट ऑब्जेक्टची गोष्ट

नोकरीचं पहिलं वर्ष, रात्रीचा दीड, आणि फोन: सर्व्हर पडलाय. लॉग उघडला तर नल पॉइंटर एक्सेप्शन. तेही जावाच्या फायनल फील्डवर! मी ठासून सांगितलं, शक्यच नाही. फायनल फील्ड कन्स्ट्रक्टरमध्ये भरल्याशिवाय कंपायलर सोडतच नाही.

चूक माझीच निघाली. पेरेंट क्लासचा कन्स्ट्रक्टर आधी चालतो. त्यातून एक मेथड कॉल होत होती, आणि ती मी चाइल्डमध्ये ओव्हरराइड केली होती. ती चालली तेव्हा चाइल्डची फील्ड रिकामीच होती. बारशाआधीच बाळाला नावाने हाक मारल्यासारखं! कंपायलर एवढंच बघतो की कन्स्ट्रक्टर संपताना सगळं भरलंय ना. मधल्या वेळात 'धिस' कुणाच्या हाती लागलं, याची तो चौकशी करत नाही.

नल आणला टोनी होअर यांनी, 1965 मध्ये, अल्गोल डब्ल्यू भाषेसाठी. 2009 मध्ये त्यांनी स्वतःच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. मला खरी गंमत वाटते ती पुढच्या भागात.

2003 मध्ये मॅन्युएल फेंड्रिख आणि रुस्तान लाइनो यांनी 'कधीच नल नसणारे' टाइप मांडले. पण कन्स्ट्रक्टरच्या आत हा शब्द पाळणार कसा? म्हणून त्यांनी अर्धवट ऑब्जेक्टला वेगळा टाइप दिला: 'रॉ', म्हणजे कच्चा. कच्च्याचं फील्ड वाचलंत, तर नल मिळू शकतो हे गृहीत धरा.

आता दोन ऑब्जेक्ट एकमेकांकडे बोट दाखवत असतील तर? आधी कोण पिकणार? 2011 मध्ये समर्स आणि म्युलर यांनी यावर सुटसुटीत नियम दिला. कन्स्ट्रक्टरला दिलेले सगळे ऑब्जेक्ट पक्के असतील, तर नवा ऑब्जेक्ट काम संपताच पक्का. एखादा जरी कच्चा असेल, तर नवाही तूर्त कच्चाच. जावाचं चेकर फ्रेमवर्क याच धर्तीवर तपासतं. ॲनालायझरला प्रोग्राम चालवावा लागत नाही, कोण कच्चं आणि कोण पक्कं एवढा हिशोब ठेवला की पुरतं.

2025 च्या जावा 25 मध्ये तर 'सुपर' कॉलच्या आधीच फील्ड भरता येतात. माझी ती ओळ वर सरकवली असती तर रात्रीची झोप वाचली असती. पण आम्ही तेव्हा जावा 8 वर होतो.