दाभोळची लारी

दाभोळच्या एका विद्यार्थ्याने दादीची चांदीची ‘केसांची पिन’ वर्गात आणली. सोनार ती वजनावर घ्यायला तयार होता. पाहिलं तर लारी! चांदीची तार दुमडून तिच्यावर फारसी लिपीचा ठसा मारलेलं, साधारण पावणेपाच ग्रॅमचं नाणं. नाव इराणातल्या लार शहरावरून आलेलं. दाभोळ आदिलशाहीचं मोठं बंदर. दुसऱ्या अली आदिलशहाने (1656–1672) लाऱ्या पाडल्या. तेव्हा मोल होतं चांदीचं. आज ते ठरतं वाचता येणाऱ्या अक्षरांवर. तार अरुंद, म्हणून मजकूर अर्धाच उमटतो. उर्दू शिकणाऱ्या त्या पोराने स्वतःच ‘अली’ वाचलं. दादीला निरोप दिला: चिंचेने घासू नका, वितळवायला देऊ नका. चांदी बाजारात मिळेल, हे नाव नाही.