रुळांवरून आलेले दुखणे

रेल्वे अपघातातून धडधाकट बाहेर पडलेला माणूस काही दिवसांनी थरथरू लागतो, त्याची झोप उडते, इंजिनाची शिट्टी ऐकली की छातीत धडधडते आणि पुन्हा गाडीत पाऊल टाकणे त्याला जमत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील डॉक्टरांकडे असे रुग्ण येऊ लागले. लंडनचे शल्यचिकित्सक जॉन एरिक एरिकसेन यांनी 1866 साली त्यांच्यावर पुस्तक लिहिले. गाडीच्या हिसक्याने मज्जारज्जू दुखावतो, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून हे दुखणे ‘रेल्वे स्पाइन’ या नावाने ओळखले गेले. आज ज्याला आघातोत्तर तणाव विकार म्हणतात, त्याच्या वैद्यकीय इतिहासाची एक मोठी वाट अशी रुळांवरून येते.

कादंबरीकार चार्ल्स डिकन्स 9 जून 1865 रोजी स्टेपलहर्स्टच्या अपघातात सापडले. त्यात दहा प्रवासी दगावले. डिकन्स यांनी जखमींची शुश्रूषा केली, पण पुढे रेल्वेच्या प्रवासात त्यांना धडकी भरत असे. रुळांकाठच्या भयाने पछाडलेल्या सिग्नलवाल्याची त्यांची गोष्ट 1866 च्या नाताळ अंकात आली.

इकडे भारतात त्याच 1866 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग खानदेशातील भुसावळहून खांडव्याला पोहोचला. पुढच्या वर्षी दुसरा फाटा नागपूरला भिडला आणि 7 मार्च 1870 रोजी जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता रेल्वे सुरू झाली. या दोन फाट्यांवरच भुसावळ वाढले. यार्ड, इंजिनांची शेड, रेल्वे कॉलनी, रेल्वेचा दवाखाना यांनी गाव घडवले. घराघरांत ड्रायव्हर, गार्ड, पॉइंट्समन, गँगमन होते, आणि जेवणाखाण्याच्या वेळा ड्युटीवर ठरत. देशातली पहिली गाडी धावल्यावर दोनच वर्षांनी, 1855 मध्ये, दुसऱ्याच्या चुकीने मेलेल्या माणसाच्या कुटुंबाला भरपाई मागण्याचा हक्क देणारा कायदा भारतात झाला होता. मेलेल्याची किंमत ठरवता येत होती. हादरलेल्या मनाची ठरवणे अवघड होते.

विलायतेत वाद पेटला तो नेमका याच मुद्द्यावर. हर्बर्ट पेज हे एका रेल्वे कंपनीचे शल्यचिकित्सक होते. मज्जारज्जूला इजा नसून ही भीतीची आणि काही वेळा भरपाईच्या आशेची लक्षणे आहेत, असे त्यांनी 1883 मध्ये मांडले. भीतीपुरते त्यांचे बरोबर होते. पण खरे दुखणे की सोंग याचा निवाडा कोर्टात होऊ लागला आणि रुग्ण संशयित ठरला, ही या इतिहासातली सर्वांत बोचणारी बाब. बर्लिनच्या हेरमान ओपेनहाइम यांनी 1889 मध्ये या दुखण्याला स्वतंत्र आजार मानले. पहिल्या महायुद्धात तीच लक्षणे खंदकांतल्या सैनिकांत दिसली. व्हिएतनाम युद्धानंतर, 1980 मध्ये, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत आघातोत्तर तणाव विकाराची नोंद झाली.

मुलांकडे लक्ष आणखी उशिरा गेले. कॅलिफोर्नियातील चाउचिला येथे 1976 मध्ये 26 मुलांचे बससह अपहरण झाले. सगळी मुले सुखरूप परतली, तरी बालमानसोपचारतज्ज्ञ लेनोर टेर यांना पुढची कित्येक वर्षे त्यांच्यात भीतीच्या खुणा आढळल्या. लहान मूल प्रसंग खेळातून पुन्हा घडवते. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा चिडचिडा होतो, शाळा टाळतो, जिवाची पर्वा करत नाही, आणि घरचे त्याला उद्धट ठरवतात.

तरुण मनावरचा प्रत्येक घाव मात्र हा विकार नसतो. भुसावळहून तापीपलीकडे, यावल तालुक्यातील सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त (1963) पांडुरंग सांगवीकर हा खानदेशातून पुण्याला शिकायला गेलेला तरुण आहे. धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते आणि तो आतून कोसळतो. त्याच अमेरिकन निदानपुस्तिकेच्या 2013 च्या नियमांत आप्ताचा मृत्यू हिंसक किंवा अपघाती असावा लागतो, त्यामुळे पांडुरंगाचे दुःख या विकारात बसत नाही. लांबलेल्या शोकाचा वेगळा विकार जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात आहे; पांडुरंगाच्या अधिक जवळ तो येतो. पुस्तकातल्या पात्राला निदान चिकटवताना एवढी काळजी हवीच.

भुसावळच्या रनिंग स्टाफच्या, म्हणजे गाड्यांवर काम करणाऱ्यांच्या, वाट्याला मात्र हिंसक मृत्यू थेट येतो. वेगातली मालगाडी ब्रेक लावताच थांबत नाही. समोर रुळावर माणूस दिसतो, शिट्टी वाजते आणि लोको पायलटला पुढचे सगळे पाहावे लागते. नंतर स्टेशनला खबर जाते, लोहमार्ग पोलीस येतात, गाडी पुढे निघते. नोकरीच्या वर्षांत असे प्रसंग अनेकदा येतात.

22 जानेवारी 2025 रोजी पाचोरा तालुक्यात परधाडेजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आगीची अफवा पसरली. खाली उतरलेल्या प्रवाशांना शेजारच्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसने उडवले. किमान 12 जण मेले. डब्यातून हे पाहणाऱ्या प्रवाशांना आणि कर्नाटक एक्स्प्रेस चालवणाऱ्यांना एक जखमही झाली नसेल. एरिकसेन यांच्याकडे आलेले रुग्ण असेच होते. रेल्वे अपघात भरपाईच्या 1990 च्या नियमांतील यादीत मृत्यू, तुटलेले हातपाय, गेलेली दृष्टी यांच्या रकमा ठरलेल्या आहेत. मनाच्या इजेची ओळ त्या यादीत नाही.