परदेशांतील कोरियन सांस्कृतिक केंद्रे : आरंभाचा प्रश्न

दक्षिण कोरियाच्या शासनाने परदेशांत चालविलेल्या सांस्कृतिक केंद्रांचा विचार आज बहुधा ‘हाल्यू’च्या, म्हणजे कोरियन लोकप्रिय संस्कृतीच्या लाटेच्या संदर्भात केला जातो. कालक्रम मात्र या मांडणीला अनुकूल नाही. पहिली केंद्रे टोकियो व न्यूयॉर्क येथे १९७९ मध्ये उघडली. ‘हाल्यू’ ही संज्ञा रूढ होण्यास अजून दोन दशके अवकाश होता. ही योजना पार्क चुंग-ही यांच्या ‘युशिन’ राजवटीतील. तेव्हाच्या मंत्रालयाच्या नावातच संस्कृती आणि जनमाहिती एकत्र नांदत होत्या. कलांचा प्रसार आणि प्रकाशनांवरील नजर ही दोन्ही कामे त्याच्याकडे होती.

टोकियोच्या केंद्रापाशी थोडे थांबावयास हवे. जपानी अमलाच्या (१९१०–४५) अखेरच्या वर्षांत कोरियातील शाळांमधून कोरियन भाषा हद्दपार झाली होती. त्याच साम्राज्याच्या राजधानीत त्या भाषेचे व कलांचे शासकीय केंद्र उभे राहावे, याचा अर्थ ‘प्रचार’ या एका शब्दात संपत नाही. (जपानमधील उत्तर-समर्थक कोरियन संघटनेच्या शाळांशी असलेली स्पर्धा हाही त्यातील एक पदर होताच.) परंतु हे केंद्र उघडले तेव्हा कवी किम जि-हा तुरुंगात होता. ‘पाच दरोडेखोर’ (१९७०) या उपरोधपर दीर्घकवितेने त्याने राज्यकर्त्यांचा रोष ओढवून घेतला होता. १९७४ साली त्याला देहदंड सुनावला गेला व नंतर तो जन्मठेपेत बदलला. १९७५ मध्ये सुटका झाली, पण काही दिवसांतच पुन्हा अटक. त्याच्या कवितेची जपानी भाषांतरे आणि त्याच्या मुक्ततेसाठी जपानी लेखकांनी चालविलेली मोहीम यांतून टोकियोच्या वाचकाला कोरियन साहित्य भेटले होते, ते केंद्राच्याही आधी. म्हणजे एकाच नगरात कोरियन संस्कृती दोन वाटांनी पोचत होती, आणि त्यांतील एक वाट दुसरीने नाकारलेली होती. केंद्रांच्या इतिहासलेखनात ही दुसरी वाट सहसा येत नाही. माझ्या मते हे केवळ अनवधान नव्हे.

पुढील विस्ताराचा तपशील (दिल्लीचे केंद्र २०१२ चे) सर्वपरिचित आहे. मात्र तो जुना ताण संपला नव्हता. शासनाला नकोशा लेखक-कलावंतांची ‘काळी यादी’ उघडकीस आल्यावर जानेवारी २०१७ मध्ये खुद्द संस्कृतिमंत्र्यांना अटक झाली. परदेशांतील केंद्रे आणि कोरियन साहित्याच्या भाषांतरांना अनुदान देणारी संस्था, दोन्ही याच मंत्रालयाच्या अखत्यारीत होत्या. ग्वांगजूच्या १९८० मधील हत्याकांडावर कादंबरी लिहिणाऱ्या हान कांग यांचेही नाव त्या यादीत असल्याची वृत्ते तेव्हा प्रसिद्ध झाली होती. २०२४ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.