किंगस्नेक : एका मादीची अंडी, एका अंड्यातली जुळी

आज आपण किंगस्नेकचा इतिहास बघणार आहोत. नावावरून घोटाळा नको, म्हणून आधीच सांगून टाकू, की आपला नागराज म्हणजे किंग कोब्रा, तो हा नव्हे. किंगस्नेक हा अमेरिका खंडातला बिनविषारी साप. तो इतर साप खातो, रॅटलस्नेकसुद्धा खातो, आणि त्या विषाचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. म्हणून तो 'किंग'. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे देशी साप घरी ठेवता येत नाहीत. अमेरिकेत मात्र किंगस्नेक पाळणं आणि त्याची पैदास करणं हा रुळलेला छंद आहे. आपला मुद्दा असा, की या छंदातली साधी नोंदवही हासुद्धा इतिहासाचा पुरावा असतो.

कॅलिफोर्नियात हा साप दोन रूपांत दिसतो. एकाच्या अंगावर आडवे पट्टे, दुसऱ्याच्या पाठीवर एकच उभा पट्टा. १८३५ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लँव्हिल यांनी उभ्या पट्ट्याच्या सापाचं वर्णन केलं. १८५३ मध्ये बेअर्ड आणि जिरार्ड यांनी आडव्या पट्ट्यांच्या सापाला वेगळं नाव दिलं. संग्रहालयातल्या बरणीतले दोन साप शेजारी ठेवले, तर कुणालाही ते दोन वेगळ्या जातींचे वाटतील. तसंच ते पुढे बरीच वर्षं मानले गेले.

हा गुंता सोडवला लॉरेन्स क्लाउबर यांनी. हे गृहस्थ सॅन डिएगोत वीज कंपनीत अभियंता होते आणि तिथल्या प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांचं कामही बघायचे. १९३६ आणि १९३९ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांचा मुख्य पुरावा काय होता? एकाच मादीच्या एकाच खेपेच्या अंड्यांतून दोन्ही रूपांची पिल्लं निघाली! सख्खी भावंडं दोन जातींची कशी असतील? जात एकच, रूपं दोन. पुढे १९८१ मध्ये रिचर्ड झ्वाइफेल यांनी हे पट्टे पिढ्यान्‌पिढ्या कसे उतरतात, याचा अभ्यास प्रसिद्ध केला.

आता घरच्या पैदाशीकडे येऊ. हिवाळ्यात दोन-तीन महिने साप थंडाव्यात ठेवतात, वसंतात नर-मादी एकत्र आणतात. मादी साधारण पाच ते बारा अंडी घालते. ती ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये, २७-२८ अंश सेल्सिअसला ठेवली, की दोनेक महिन्यांत पिल्लं कवच चिरून डोकं बाहेर काढतात.

आणि क्वचित कधीतरी एकाच अंड्यातून दोन पिल्लं निघतात. एका अंड्याची शिदोरी दोघांत वाटली जाते, म्हणून ती भावंडांपेक्षा बारीक असतात. कधी एकाच गर्भाचे दोन भाग झालेले असतात, कधी मुळातच दोन वेगळे गर्भ एका कवचात बंद झालेले असतात. नुसतं बघून हे ओळखता येत नाही. दोघं सारखी दिसली म्हणजे एकाच गर्भाची, असं ठरत नाही. पण एक आडव्या पट्ट्यांचं आणि दुसरं उभ्या पट्ट्याचं निघालं, तर गर्भ दोन असणार. बघा, क्लाउबर यांची युक्ती इथे उलटी वापरता येते.

अडचण अशी, की दुसरं पिल्लू बऱ्याचदा कुणाला कळतच नाही. पहिलं बाहेर आलं, की पाळणारा माणूस कवच फेकायला निघतो. आत धुगधुगी असलेलं दुसरं पिल्लू त्याच्याबरोबर जातं. म्हणून जाणते लोक कवच पूर्ण रिकामं झाल्याची खात्री होईपर्यंत त्याला हात लावत नाहीत. बाहेर आलेली जुळी मात्र लगेच वेगळ्या डब्यांत ठेवावी लागतात. साप खाणाऱ्या सापाला जुळ्या भावाचंही सोयरसुतक नसतं.

नोंद आणि राखण सुटली की काय होतं, याचं उदाहरण स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर आहे. या बेटावर मूळचा एकही साप नव्हता. पाळीव कॅलिफोर्निया किंगस्नेक तिथे सुटले आणि १९९८ पासून मोकळे दिसू लागले. त्यांत पांढरट आणि उभ्या पट्ट्याचे, म्हणजे हौसेने निपजवलेल्या रूपांचे सापही होते. साप पसरले त्या भागांतून तिथला मोठा सरडा, जो जगात दुसरीकडे मूळचा कुठेच नाही, जवळजवळ नाहीसा झाला. ते साप कुणाच्या घरातून सुटले, याची नोंद मिळाली असती तर पहिला साप दिसला तेव्हाच माग काढता आला असता.

म्हणून पैदास करणाऱ्याने प्रत्येक डब्यावर आई, बाप, तारीख आणि अंड्याचा क्रमांक लिहावा. जुळी निघाली, तर दोन्ही डब्यांवर तोच क्रमांक लिहावा. क्लाउबर यांना ऐंशीहून अधिक वर्षांची चूक दुरुस्त करता आली, ती कोणती अंडी कोणत्या मादीची हे ठाऊक होतं म्हणूनच.