हत्तीच्या तब्येतीची मोजमापे

१५९७च्या आरंभी पाथरीच्या मुलखात आष्टीपाशी मोगलांचा खानखानान आणि विजापूरचा सुहैलखान यांची लढाई जुंपली. मोगलांची सरशी झाली. तोफांबरोबर चाळीस हत्तीही हाती लागल्याची नोंद अबुल फझलने केली आहे. आदल्याच वर्षी वऱ्हाड अकबराकडे आले होते आणि पाथरी हे त्या सुभ्यातले एक सरकार होते. तोफेच्या शेजारी मोजला जाणारा हत्ती म्हणजे लष्करी ऐवज, आणि त्याची निगाही ऐवजासारखीच राखली जाई. ‘आईन-इ-अकबरी’प्रमाणे थोराड मस्त हत्तीला रोज दोन मण चोवीस शेर खुराक मिळे. त्याच्या चाकरीला माहूत, त्याचा साथीदार भोई आणि साडेतीन मेठ, म्हणजे चारा आणणारे मदतनीस, असत. खासा, म्हणजे खुद्द बादशहासाठी राखलेला, हत्ती दगावला तर भोयांचा तीन महिन्यांचा पगार कापला जाई. हिशेब चोख होता, पण तो सारा खुराकाचा, चाकरीचा आणि दंडाचा.

याचा अर्थ जुन्यांना वैद्यक ठाऊक नव्हते असा नाही. पालकाप्याच्या नावाने चालत आलेला ‘हस्त्यायुर्वेद’ महारोग, क्षुद्ररोग, शल्य आणि उत्तर अशा चार स्थानांत विभागलेला आहे; पुण्याच्या आनंदाश्रमाने तो १८९४ मध्ये छापला. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’तही गजविद्येला जागा आहे. मात्र रोग ओळखायचा तो लीद, मूत्र, चाल, डोळे, कातडी आणि भूक पाहून. जिवंत हत्तीच्या पोटात डोकावण्याची सोय कोणाकडेच नव्हती. त्यामुळे खातो, चालतो, ओझे वाहतो तो धडधाकट, हीच व्याख्या व्यवहारात रुळली. लढाईचा हत्ती मिरवणुकीत आणि मठा-मंदिरांत आला, तरी ती व्याख्या फारशी बदलली नाही.

सोनोग्राफीने नेमका या व्याख्येलाच धक्का दिला. १९९०च्या दशकात बर्लिनच्या संशोधकांनी हत्तीसाठी ही तपासणी पद्धतशीर बसवली. दोन-अडीच सेंटिमीटर जाड कातडीतून प्रतिमा धड येत नाही, म्हणून वाट गुदमार्गाची. आधी हाताने लीद काढायची, आतला भाग पाण्याने धुवायचा, मग लांब दांड्याचा प्रोब खांद्यापर्यंत हात घालून पुढे सरकवायचा. मूत्राशय, गर्भाशय, बीजकोश असे अवयव पडद्यावर दिसतात. पिले न झालेल्या वयस्क आशियाई माद्यांच्या गर्भाशयात गाठी आढळतात. अशी मादी खाते, चालते, मिरवणुकीतही उभी राहते; जुन्या मोजमापाने ती निरोगीच ठरते.

सोनोग्राफीवर पहिला आक्षेप असा की, वर्षानुवर्षे हत्तीबरोबर राहणाऱ्या माहुताची नजर यंत्रापेक्षा सरस असते. भूक मंदावणे, चालीतला फरक, रोजची बारीकसारीक लक्षणे यांपुरते ते खरेच आहे; लक्षण दाखवत नाही ती गाठ मात्र नजरेला दिसणार कशी? दुसरा आक्षेप यंत्राच्या मर्यादांचा, आणि तोही रास्त. हवेमुळे फुप्फुसे आणि वायूमुळे आतडी नीट दिसत नाहीत, क्षयासाठी सोंडेतल्या पाण्याची तपासणीच करावी लागते. शिवाय न शिकवलेल्या हत्तीवर हा प्रयोग करायचा तर भूल किंवा जबरदस्ती आली. पण ही अडचण प्रशिक्षणाची आहे, तपासणी टाळण्याचे कारण नव्हे. तिसरा आक्षेप श्रद्धेचा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणी मठाची माधुरी हत्तीण २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या ‘वनतारा’ या प्राणी-संगोपन केंद्रात गेली, तेव्हा गावोगावी लोक रस्त्यावर उतरले. त्या वादात दाव्यांचा भर पाय, सांधे आणि मानसिक ताण यांवर होता, आणि त्यावर सोनोग्राफी हा उतारा नव्हे. तरी एक धडा घेता येतो. नियमित तपासणीच्या नोंदी असतील, तर हत्ती कोणाच्या दारी राहावा याचा निवाडा माया किंवा राग यांवर सोडावा लागत नाही. मालकीचा दाखला जसा मागितला जातो, तसाच पाळीव हत्तीच्या प्रकृतीचा दाखलाही दरवर्षी मागावा. त्यात माहुताचे निरीक्षण, सोंडेची व पायांची तपासणी आणि सोनोग्राफी या सगळ्यांना जागा हवी. अकबराच्या दफ्तराला हत्तीचा खुराक शेरापर्यंत ठाऊक होता. आजच्या दफ्तराने त्याच काटेकोरपणाने त्याच्या शरीराची नोंद ठेवायला हवी.